तिशीपर्यंत ओढू, मग सोडू

संशयी : कॉलेजच्या मुलांना धूम्रपान सोडण्याचे फायदे सांगत बसणं मला व्यर्थ खटाटोप वाटतो. दरवर्षी ३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिन साजरा होतो. भित्तिपत्रकं लागतात, डॉक्टर येऊन काळवंडलेल्या फुफ्फुसांची चित्रं दाखवतात, मुलंमुली उभ्याने शपथ घेतात आणि कार्यक्रम आटोपला की त्यांतलेच काही जण फाटकाबाहेरच्या टपरीकडे वळतात. त्यांना माहिती नाही असं तर कोणी म्हणू शकत नाही. पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग भीषण चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. चित्रपटाआधी इशारा असतो, पडद्यावर कोणी सिगरेट पेटवली की खाली पुन्हा इशारा येतो. आज एकोणीस वर्षांचा असलेला मुलगा हे सगळं पाहतच मोठा झाला आहे. साठाव्या वर्षी होणारा कर्करोग त्याच्या मते दुसऱ्याच कोणाला तरी होणार असतो.

दुसरी शंका त्याहून मूलभूत आहे. २०१६-१७ सालच्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाचे भारतातले आकडे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने गोळा केले. त्यांनुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात, पण त्यांत बिडी-सिगरेट ओढणारे चार टक्क्यांच्या आसपासच आहेत. बाकीचे तंबाखू मळणारे, गुटखा खाणारे आणि मिश्री लावणारे. मग कॉलेजच्या मुलांच्या सिगरेटीवर एवढा भर कशासाठी?

उत्साही : दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. चार टक्के ही सगळ्या प्रौढांची सरासरी आहे. तीत सत्तरीच्या आजीही आल्या आणि शेतावर राबणाऱ्या बायकाही आल्या. त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या लोकांनी तंबाखूला सुरुवात कधी केली हेही विचारलं होतं. सरासरी वय निघालं १८.९ वर्षं. म्हणजे बारावी संपवून कॉलेजात पाऊल टाकण्याचं वय. घर सुटतं, हाती थोडे पैसे येतात, होस्टेलच्या खोलीत रात्र जागवली जाते आणि पहिला झुरका तिथेच ओढला जातो. सवय जिथे लागते तिथेच ती सोडवण्याचं बोलायला नको का?

पहिल्या शंकेत मात्र तथ्य आहे. साठीतला कर्करोग दाखवून विशीतल्या मुलाचं मन वळत नाही. म्हणूनच मी त्याला याच आठवड्यात, याच सत्रात काय मिळतं ते सांगेन. शेवटची सिगरेट विझवल्यावर वीस मिनिटांत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब खाली येऊ लागतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट धरून बसतो. तो एक-दोन दिवसांत शरीराबाहेर पडतो. दोन आठवडे ते तीन महिने या काळात रक्ताभिसरण आणि फुफ्फुसांचं काम सुधारतं, मग खोकला आणि धाप कमी होते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला १६०० मीटर धावायचं असतं आणि तिथे काही सेकंदांवर गुण ठरतात. त्याला हा हिशेब लगेच कळतो.

आता फुफ्फुसांचं पाहा. त्यांची क्षमता विशीच्या सुरुवातीपर्यंत वाढत असते, पंचविशीच्या सुमारास शिखर गाठते आणि मग जन्मभर सावकाश उतरत राहते. वाढीच्याच वर्षांत धूर घेतला, तर ते शिखरच ठेंगणं राहू शकतं. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधल्या पुरुषांची फुफ्फुसं वर्षानुवर्षं तपासून १९७७ साली आपले निष्कर्ष मांडले. ज्यांना धूर बाधतो, त्यांची क्षमता भराभर घसरते. सिगरेट सोडल्यावर गमावलेलं फारसं परत येत नाही, पण पुढची घसरण न ओढणाऱ्या माणसाच्या वेगावर येते. पन्नाशीत सोडणारा ही जादा घसरण थोपवतो. एकोणिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला ती सुरू होण्याआधीच टाळता येते. हा फायदा फक्त याच वयात मिळतो.

आणि पैसा. एक सिगरेट पंधरा रुपयांना धरली आणि दिवसाला चार धरल्या, तर महिन्याचे १८०० रुपये होतात आणि वर्षाचे २१,९००. गावाहून घरचे पैसे पाठवतात, त्यावर महिना काढणाऱ्या मुलाच्या हिशेबात ही रक्कम मेसच्या बिलाशेजारी बसते.

संशयी : हे सगळं मान्य केलं, तरी तुमच्याच शास्त्राने त्या मुलाच्या हातात एक पळवाट दिली आहे. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांचा अभ्यास सुरू केला. त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यभर सिगरेट ओढणाऱ्याची सरासरी दहा वर्षं जातात. साठाव्या वर्षी सोडली तर तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत जवळजवळ सगळी दहा. खुद्द डॉल सिगरेट ओढत असत. आपल्याच अभ्यासातले आकडे पाहून त्यांनी ती सोडली तेव्हा ते पस्तिशी ओलांडून गेले होते, आणि पुढे ते ९२ वर्षं जगले.

हे कोष्टक हुशार विद्यार्थ्यापुढे ठेवा. तो म्हणेल, तिशीपर्यंत ओढू, मग सोडू. विशीतली मजाही मिळाली आणि दहा वर्षंही वाचली. मला त्याच्या तर्कात खोट दिसत नाही. उशिरा सोडलं तरी चालतं हे तुम्हीच सिद्ध केलं आहे. मग आजच सोड असं कोणत्या तोंडाने सांगणार?

उत्साही : हाच युक्तिवाद मी सर्वांत गंभीरपणे घेतो, कारण तो मूर्ख मुलाचा नाही. पण त्यातली आकडेमोड अर्धीच आहे. ते कोष्टक तिशीत ज्यांनी खरोखर सोडली त्यांचं आहे. सोडण्याचा बेत केलेल्यांचं कोष्टक काढलं तर चित्र फार वेगळं दिसेल. कोणाचीही मदत न घेता, नुसत्या निश्चयावर सोडायला निघालेल्या शंभरांपैकी वर्षाच्या शेवटी सिगरेटीपासून दूर राहिलेले तीन ते पाच जण असतात. बहुतेकांची घसरण पहिल्या आठवड्याभरातच होते. भारतातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी २०१६-१७ च्या त्या तंबाखू सर्वेक्षणात आपल्या मनात सोडण्याचा विचार असल्याचं सांगितलं. तरीही ते ओढत आहेत. त्यांतल्या अनेकांनी विसाव्या वर्षी हाच बेत केला असेल.

या वयात सवय रुजते कशी, हेही पाहायला हवं. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं. तिथे ते डोपामिन सोडायला लावतं आणि सततच्या माऱ्याने निकोटिनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर वाढतात. मोह आवरणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. म्हणजे तिशीत जो निर्णय घ्यायचा, तो घेणारं यंत्र तयार होत असतानाच त्याच्यात निकोटिन मुरतं. कमी वयात सुरुवात केलेल्यांचं व्यसन जास्त पक्कं असतं, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

तिसरं असं की, ते कोष्टक फक्त मरणाचं आहे. आजारपणाची नोंद त्यात नाही. क्षयाचे जगातले सर्वाधिक रुग्ण भारतात आहेत आणि धूम्रपानाने क्षय होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. क्षय साठीची वाट पाहत नाही, तो होस्टेलच्या कोंदट खोलीत तेविसाव्या वर्षीही होतो. दम्याचा त्रास वाढणं, शुक्राणूंची संख्या घटणं, हिरड्या खराब होणं, हे सगळं तिशीच्या आतलं आहे.

संशयी : तुम्ही दिवसाला चार-पाच ओढणाऱ्याचं सांगता आहात. कॉलेजातले बरेच जण तेवढीही ओढत नाहीत. शनिवारी पार्टीला, परीक्षेच्या रात्री, नाहीतर चहाबरोबर एखादी. अशा मुलाला व्यसनी म्हटलं की त्याचा तुमच्यावरचा विश्वासच उडतो. आपण त्यातले नाही असं तो म्हणतो, आणि त्याच्या अनुभवापुरतं ते खरंही असतं.

उत्साही : त्याला मीही व्यसनी म्हणणार नाही. पण एखादी सिगरेट किरकोळ असते हा समज तपासायला हवा. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. रोज वीस सिगरेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या चाळीस ते पन्नास टक्के धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो, असं त्यात आढळलं. कर्करोगाचा धोका साधारणपणे संख्येच्या प्रमाणात चढतो. हृदयाचं गणित तसं नाही. तिथे पहिलीच सिगरेट सर्वांत महाग पडते. म्हणजे वीसवरून पाचवर आल्याचा हृदयाला होणारा लाभ मुलाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. पूर्ण थांबण्याचा लाभ मात्र मोठा आहे. एका वर्षात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो.

शिवाय कधीमधी ओढणाऱ्याला सोडणं सर्वांत सोपं असतं. त्याची तलफ अजून परिस्थितीशी बांधलेली असते, तिने शरीराची पकड घेतलेली नसते. तो शनिवार संध्याकाळपुरती ओढतो, मग सोडायचीही शनिवार संध्याकाळपुरतीच. ही सोय दोन वर्षांनी राहणार नाही.

संशयी : आता मनाच्या ताणाबद्दल बोलू, कारण मुलं ओढतात ती बहुतेक त्यासाठीच. पुण्याच्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाची कल्पना करा. खोलीत चौघे, अभ्यासिकेत बारा तास, जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा पुढे जाते, निकाल न्यायालयात अडकतो. घरचे फोनवर विचारतात, कधी होणार? अभ्यासिकेतून खाली येऊन चहाबरोबर घेतलेल्या चार झुरक्यांखेरीज त्याच्या दिवसात स्वतःचं असं काही नाही. तो आधार काढून घ्यायचा आणि त्या जागी काहीच द्यायचं नाही, याला मी फायदा म्हणू शकत नाही. इंजिनिअरिंगच्या सबमिशनची रात्र असो की मेडिकलच्या व्हायवाची सकाळ, अशा वेळी सोडायला सांगणं क्रूरपणाचं आहे.

उत्साही : त्या मुलाचा ताण खरा आहे आणि सिगरेटीने मिळणारा दिलासाही खरा आहे. प्रश्न एवढाच की तो दिलासा कशापासून मिळतो? निकोटिनचं रक्तातलं प्रमाण दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं. ते उतरलं की चिडचिड होते, अस्वस्थ वाटतं, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून तो खाली जातो, सिगरेट ओढतो आणि लक्ष लागतं. त्याला वाटतं, सिगरेटीने एकाग्रता दिली. प्रत्यक्षात आधीच्या सिगरेटीने हिरावलेली एकाग्रता पुढच्या सिगरेटीने तात्पुरती परत केली. परीक्षेच्या ताणाला तिने हातही लावला नाही.

२०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. सिगरेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, हे सोडण्याआधीच्या पातळीपेक्षा कमी झाले होते. ओढत राहिलेल्यांमध्ये तसा बदल दिसला नाही. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही हाच कल दिसला.

संशयी : पण त्या आढाव्यातले बहुतेक अभ्यास नुसत्या निरीक्षणाचे आहेत. ज्यांचं मन आधीच सावरत होतं त्यांनाच सोडणं जमलं, असंही असू शकेल. मन हलकं झालं म्हणून सिगरेट सुटली की सिगरेट सुटली म्हणून मन हलकं झालं, हे तुम्ही ठामपणे सांगू शकत नाही.

उत्साही : पूर्ण ठामपणे नाही सांगू शकत. ही शंका रास्त आहे आणि ती संशोधकांनीही विचारात घेतली आहे. सोडल्याने मन कायमचं कोलमडतं, या भीतीला मात्र आधार सापडलेला नाही. तेवढं मला पुरेसं वाटतं.

पहिल्या दिवसांबद्दल मुलांशी खोटं बोलू नये. तलफेचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातो. झोप बिघडते, भूक वाढते, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं. म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सोडायला मी सांगणार नाही. सत्र संपल्यावर, सुट्टीत, घरी असताना सोडावी. आणखी एक गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा लवकर करतं. सिगरेट थांबली की हा निचरा मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफिन रक्तात जास्त साचतं. मग हात थरथरतात, छाती धडधडते, झोप येत नाही, आणि मुलाला वाटतं की आपल्याला सिगरेट मानवत होती, सोडणं मानवलं नाही. पहिले काही आठवडे चहा-कॉफी निम्म्यावर आणली तर यातला बराच त्रास टळतो.

संशयी : चहा कमी करा म्हणजे टपरीवर जाणंही कमी करा, असाच त्याचा अर्थ झाला. इथे तुम्ही मुलांच्या जगण्यातल्या एका मोलाच्या जागेला हात घालता आहात. लातूरहून आलेला पहिल्या वर्षाचा मुलगा मुंबईच्या कॉलेजात बुजून गेलेला असतो. टपरीवर सीनियरशी ओळख होते, नोट्स मिळतात, कंपन्यांच्या मुलाखतींच्या गोष्टी कळतात, प्रेमभंगाचं दुःख सांगता येतं. वर्गात जातीवरून, भाषेवरून, इंग्रजीवरून अंतर पडतं, ते तिथे थोडं कमी होतं. मुलींच्या बाबतीत तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. मुलाने ओढली तर सवय आणि मुलीने ओढली तर संस्कार काढायचे, ही आपली रीत आहे. अशा वेळी उघड्यावर सिगरेट पेटवणं हे काही मुलींना आपल्या हक्काचं विधान वाटतं. तुम्ही आरोग्याच्या गोष्टी सांगायला जाल आणि त्यांना त्यात आजीचाच आवाज ऐकू येईल.

उत्साही : मुलीला वेगळा नियम लावणाऱ्यांशी माझं भांडण तुमच्याइतकंच आहे. मुलगी म्हणून ओढू नकोस, असं सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण सिगरेट आणि स्त्रीमुक्ती यांची गाठ कोणी मारली, हे त्या मुलीला माहीत असायला हवं. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये ईस्टरच्या संचलनात काही तरुणींनी जाहीरपणे सिगरेटी शिलगावल्या आणि त्या स्वातंत्र्याच्या मशाली आहेत असं वर्तमानपत्रांतून गाजवलं गेलं. तो प्रसंग एडवर्ड बर्नेस या प्रसिद्धितज्ज्ञाने अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी घडवून आणला होता. बायका रस्त्यावर ओढत नाहीत म्हणून निम्मी बाजारपेठ हातची जाते, ही कंपनीची अडचण होती. आणि धूर स्त्री-पुरुष भेद पाळत नाही, पण मेहेरबानीही करत नाही. ब्रिटनमधल्या दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली आले. आयुष्यभर ओढणाऱ्या स्त्रियांचीही किमान दहा वर्षं जातात आणि तिशीच्या आत सोडणाऱ्यांचा जवळजवळ सगळा जादा धोका टळतो.

मैत्रीचा मुद्दा मात्र मी वेगळ्या दिशेला नेईन, कारण त्यातच सोडण्याचा खरा मार्ग आहे. निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या प्रसिद्ध हृदय-अभ्यासातल्या बारा हजारांहून अधिक लोकांची १९७१ ते २००३ या काळातली नाती आणि सवयी तपासल्या. त्यांना दिसलं की माणसं एकेकटी सिगरेट सोडत नाहीत. मित्रांची, सहकाऱ्यांची आख्खी जाळी जवळजवळ एकाच वेळी सोडते. एका मित्राने सोडली की दुसरा ओढत राहण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी घटते. होस्टेलच्या एका मजल्यावर, एका मेसच्या टेबलावर हे जाळं तयारच असतं. नोकरीला लागल्यावर, शहरं बदलल्यावर, लग्नं झाल्यावर इतकी घट्ट मैत्री पुन्हा मिळत नाही. चौघांनी मिळून सोडायचं ठरवलं तर टपरीही राहते, चहाही राहतो, गप्पाही राहतात.

संशयी : आता तुम्ही माझ्या मुख्य म्हणण्याजवळ आलात. सवय जर जाळ्यातून पसरते आणि जाळ्यातूनच सुटते, तर प्रत्येक वेळी त्या एकट्या मुलाच्या निश्चयाला का हाक मारायची? २००३ च्या कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगरेट-बिडीच्या विक्रीवरही बंदी घातली, आणि ती फार विचारपूर्वक घातलेली बंदी होती. विद्यार्थ्याच्या खिशात अख्ख्या पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगरेटीचे असतात. सुटी सिगरेट घेतली की त्याला पाकिटावरचा इशाराही दिसत नाही. एकदा कोणत्याही मोठ्या कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे राहा आणि यातला कोणता नियम पाळला जातो ते पाहा.

आणि कंपन्यांचं काय? अमेरिकेतल्या खटल्यांमुळे त्यांची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. आर. जे. रेनॉल्ड्सच्या १९८४ च्या एका टिपणात स्पष्ट लिहिलं होतं की, मरणाऱ्या आणि सोडणाऱ्या ग्राहकांची जागा भरायला तरुण वयोगटाखेरीज दुसरा स्रोत नाही. आपल्याकडे १९९६ चा क्रिकेटचा विश्वचषक सिगरेटच्या ब्रँडच्या नावाने खेळला गेला आणि आजच्या मुलांच्या आईवडिलांनी तो कौतुकाने पाहिला. एवढ्या मोठ्या यंत्रणेने ज्याला हेरलं, त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आपण फायद्यांची यादी देतो आणि जबाबदारी तुझी म्हणून मोकळे होतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

उत्साही : अन्याय आहेच. कर वाढवणं, टपऱ्या हटवणं, सुटी विक्री थांबवणं, यांनी जितक्या मुलांना वाचवता येईल तितक्यांना कोणतंही व्याख्यान वाचवणार नाही. पण हे सगळं होईपर्यंत आजचा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडलेला असेल. त्याला आज काय सांगायचं? नुसत्या निश्चयावर शंभरातले तीन-पाच जण टिकतात, पण मदत घेतली तर हे प्रमाण वाढतं, एवढं तरी सांगता येतं. निकोटिनचं च्युइंगगम किंवा पट्टी यांनी यशाची शक्यता साधारण दीडपट होते. दोन मिलिग्रॅमचं गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. व्हरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही गोळ्यांची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. हळूहळू कमी करण्यापेक्षा तारीख ठरवून एका दिवसात थांबणं अधिक परिणामकारक ठरतं, हे २०१६ सालच्या एका चाचणीत दिसलं. चार आठवड्यांनंतर एकदम थांबलेल्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, हळूहळू कमी केलेल्यांपैकी ३९ टक्के.

संशयी : यातलं बरंचसं ज्ञान मध्यमवयीन, दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्यांच्या अभ्यासांतून आलं आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या, अनियमित ओढणाऱ्या मुलांवर ही औषधं किती चालतात याचा पुरावा तोकडा आहे. पर्यायांबद्दलही शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही. भारताने २०१९ साली ई-सिगरेटवर पूर्ण बंदी आणली. ब्रिटनमध्ये त्याच ई-सिगरेटी, सिगरेट सोडायला मदत म्हणून सरकारी योजनेतून दिल्या गेल्या. गमपेक्षा त्यांच्या मदतीने जास्त लोक सिगरेट सोडू शकतात असा भक्कम पुरावाही आहे. मग आपल्या मुलाला आपण सिगरेट मिळू देतो आणि तिच्यापेक्षा कमी घातक वस्तू नाकारतो, याचं समर्थन कसं करता?

उत्साही : चाळीस वर्षांच्या पक्क्या धूम्रपान करणाऱ्यासाठी कदाचित करता येणार नाही. विद्यार्थ्यांसाठी करता येतं. ब्रिटनमध्ये कधीही सिगरेट न ओढलेली शाळकरी मुलं गोड चवींच्या ई-सिगरेटींकडे वळली. शेवटी जून २०२५ पासून वापरून फेकायच्या ई-सिगरेटींवर तिथेही बंदी आली. आपल्याकडे तर आणखी एक धोका आहे. सिगरेट सोडलेला मुलगा तलफ भागवायला तंबाखूची पुडी किंवा गुटखा जवळ करतो. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो, आणि मग धोका फुफ्फुसातून तोंडात येतो. काही जण हुक्का निरुपद्रवी समजतात. पण तासाभराच्या एका बैठकीत एका सिगरेटीच्या शंभरपटींहून अधिक धूर आत जाऊ शकतो. सोडायचं म्हणजे तंबाखूच सोडायची, वस्तू बदलायची नाही, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. तरीही ई-सिगरेटीचा तुमचा प्रश्न मोठ्यांच्या बाबतीत उघडाच राहतो, हे मान्य करतो.

संशयी : मग शेवटचा प्रश्न कॉलेजांचा. आवारात ओढताना सापडला तर दंड, पालकांना पत्र, होस्टेलमधून काढण्याची धमकी, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. नियम हवेत, असं मीच आत्ता म्हणालो. पण ज्या मुलाला सोडायची आहे त्याने मदत मागायला जावं कोणाकडे? मी ओढतो, हे त्याला त्याच माणसाला सांगावं लागतं, ज्याच्या हाती दंडाची पावती असते. नियम कडक केला तर मुलगा लपतो. नियम सैल सोडला तर टपरी आत येते. या दोन्हींत तोल कसा साधायचा, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

उत्साही : मलाही पूर्ण सापडलेलं नाही. पण कुठे रेघ ओढायची हे मी सुचवू शकतो. कडकपणा विकणाऱ्यावर असावा. १०० यार्डांच्या नियमासाठी प्राचार्यांनी महापालिकेकडे आणि पोलिसांकडे पाठपुरावा करावा, मुलांच्या खिशांची झडती घेण्याऐवजी. आवारात आणि वर्गात ओढायला बंदी राहावी, कारण धूर शेजारच्यालाही भोगावा लागतो. मदत मागणारा विद्यार्थी मात्र शिस्तीच्या कक्षेबाहेर असावा. समुपदेशकाकडे तो काय बोलला हे प्राचार्यांपर्यंत आणि घरापर्यंत जाऊ नये, आणि हे प्रवेशाच्या दिवशीच लेखी सांगितलेलं असावं.

संशयी : आणि तसं कोणत्याच कॉलेजने केलं नाही तर? तोवर त्या मुलाला मी काय सांगू? मघाशी मी म्हणालो होतो की सांगून उपयोग नाही. आता एवढं मान्य करतो की, तिशीत सोडू म्हणणाऱ्याचा हिशेब कच्चा आहे, आणि एकट्याने करण्यापेक्षा चौघांनी मिळून केलेला प्रयत्न शहाणपणाचा आहे. पण ज्यांनी ही वस्तू त्याच्या दारात आणून ठेवली, त्यांचा हिशेब त्याच्या आरोग्याच्या खात्यातून चुकता करू नका, हा माझा आग्रह मी सोडणार नाही.

उत्साही : तो सोडूही नका. फक्त त्याची वाट पाहत कोणा विद्यार्थ्याने आपलं सोडणं लांबवू नये. या सत्राची सुट्टी लागली की एखादी तारीख धरावी, दोन-तीन मित्रांना सोबत घ्यावं, चहा अर्धा करावा आणि पहिले तीन दिवस कठीण जातील हे धरून चालावं. घसरलं तर पुन्हा तारीख ठरवावी. सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना अनेक प्रयत्न लागतात. कॉलेजने मदत केली नाही, तरी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी आहे. तिचा क्रमांक १८००-११२-३५६. फोनला पैसे पडत नाहीत आणि पलीकडच्या समुपदेशकाच्या हाती दंडाची पावती नसते.